उभा खूर

मराठी भाषेत घोड्यांना तोटा नाही. कोणाचे वरातीमागून येतात, कोणाचे गंगेत न्हातात, कोणाचे मध्येच पेंड खात उभे राहतात. आणि ज्याचे त्याचे घोडामैदान नेहमी जवळच असते. ज्या मुलांनी घोडा लग्नाच्या वरातीत किंवा महाबळेश्वरच्या सहलीत पाहिला तेवढाच, तीदेखील निबंधात हे घोडे बिनदिक्कत दामटतात. वर्गात वाक्प्रचार शिकविताना अलीकडे मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवते. या सगळ्या घोड्यांना तोंड आहे, पाठ आहे, शेपूट आहे. पाय तेवढे नाहीत. पायांचा नुसता आवाज आहे. टापा वाजल्या की आपल्याला घोडा आल्याचे कळते, आणि आपण लगेच मान वर करून स्वाराकडे पाहतो.

घोड्याच्या पायाकडे पाहण्याचा योग मला सासुरवाडीमुळे आला. सासुरवाडी दिंडोरीची, म्हणजे अगदी गावातली नव्हे, गावाबाहेरच्या मळ्यातली. नाशिकहून वणीच्या देवीला जाणाऱ्यांना ही वाट ठाऊक आहे. शहर सुटले, डाव्या अंगाला रामशेज मागे पडला, की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात पायातली वहाण मातीत राहते आणि पाय पुढे जातो.

ही जमीन घोड्यांना नवी नाही. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज परतत असताना मोगलांचा दाऊदखान त्यांना याच वणी-दिंडोरीच्या मुलखात आडवा आला, आणि मोठी लढाई होऊन त्याचा पराभव झाला. इतिहासात त्या दिवसाच्या तलवारी आहेत, लुटीची मोजदाद आहे. सुरतेपासून ओझे वाहत, बागलाणाचे डोंगर ओलांडत आलेल्या त्या घोड्यांच्या पायांचे काय झाले असेल, हे मात्र कोणी विचारीत नाही. पण त्या काळच्या माणसांना ही काळजी होती. सभासदाने बखरीत पागेची व्यवस्था सांगितली आहे, तिच्यात दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद आहे. पाणी पाजणारा आणि पाय पाहणारा, असे दोघे जोडीने. 'नालबंदी' हा शब्द तर पुढे शिलेदाराला आगाऊ द्यायच्या पैशालाच लागू झाला. पंचवीस घोड्यांना एक नालबंद! आमच्या मेहुण्यांना एक घोडी आणि एक शिंगरू यांच्यासाठी नालबंद नाशिकहून मोटारसायकलवर बसवून आणावा लागतो.

मेहुणे द्राक्षबागाईतदार आहेत. घोडी हा त्यांचा शौक. दर मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार चुकला, असे वर्ष त्यांच्या आयुष्यात क्वचितच गेले असेल. त्यांच्या घोडीला गेल्या फाल्गुनात शिंगरू झाले. मादी. चारही पाय गुडघ्याच्या खाली पांढरे आणि कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा, म्हणजे चोख पंचकल्याणी. भोवरेही जाणत्यांच्या मते शुभ निघाले. पंचक्रोशीतून माणसे पाहायला आली, आणि तिचे नाव 'पाखरी' असे ठेवण्यात आले. वहिनींनी तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या.

आषाढात आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. घोडीचे नाल बदलायचे होते, म्हणून म्हातारे नालबंद आले होते. त्यांना सगळे चाचा म्हणतात. नाशकात टांगे होते तेव्हा त्यांच्या हाताला उसंत नसे, असे ते सांगतात. आता वरातीच्या घोड्यांवर आणि शौकिनांवर गुजराण. चाचांनी घोडीचे काम उरकले, बिडी काढली, आणि तशीच कानावर ठेवून ते पाखरीजवळ गेले. तिच्या कपाळावरच्या पट्ट्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. तिला अंगणातल्या फरशीवर चौरस उभी करायला सांगितले. समोरून पाहिले, बाजूने पाहिले, मागे जाऊन उकिडवे बसून पाहिले. मग खांद्यापासून हात फिरवीत खाली आणला, आणि उजव्या पुढच्या खुरावर ठेवून म्हणाले,

"मालक, ही बसायला पाळली का नुसती बघायला?"

मेहुण्यांचा चेहरा उतरला. "का हो चाचा?"

"हा सुम उभा राहायलाय. तो डावा बघा अन् हा बघा."

एकदा बोट दाखविल्यावर फरक सर्वांना दिसू लागला. डाव्या खुराची पुढची भिंत तिरपी, सरळ उतरत जमिनीला टेकली होती. उजवा खूर पेल्यासारखा उभट होता. त्याची टाच उंच होती, आणि पुढची भिंत मध्यावर किंचित आत दबलेली होती. चाचांनी भाच्याला विचारले, "ही चरताना कुठला पाय पुढं टाकते?" भाचा शेतकी कॉलेजात शिकतो, पण हा प्रश्न त्याला कोणत्याही परीक्षेत आलेला नव्हता. त्याने दोन दिवस शिंगरामागे फिरून उत्तर आणले: दर वेळी डावा पुढे, उजवा मागे. शिंगराचे पाय लांब आणि मान आखूड. तोंड जमिनीला पोचायचे तर पाय फाकावे लागतात. एकच पाय सदा पुढे टाकण्याची खोड लागली की पुढच्याचा खूर पसरतो आणि मागच्याचा उभा होत जातो.

पण तेवढेच कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी अंगणातल्या धुळीत काडीने चित्र काढून समजावले. खुराच्या आत एक लहानसे हाड असते. पायाच्या मागून एक जाड दोरीसारखी शीर खाली उतरते आणि त्या हाडाला मागून धरते. चार-सहा महिन्यांच्या शिंगराचा पाय भराभर लांबतो. हाडाच्या वाढीबरोबर ही दोरी पुरी पडली नाही की ती खुरातल्या हाडाला मागे ओढू लागते. टाच उचलली जाते, भार पुढच्या टोकावर येतो. टोक झिजते, टाचेला झीज नाही म्हणून ती आणखी वाढते, आणि टाच वाढली की दोरीला ताणच उरत नाही, ती आखूड ती आखूडच राहते. पुढे या पायाचे घोडे ठेचकाळते, भिंत तडकते, आणि ऐन उमेदीत लंगडायला लागते.

"खुराक काय देता?" बाईंनी विचारले.

मेहुण्यांनी कौतुकाने यादी सांगितली. भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा, सकाळ-संध्याकाळ गूळ, आणि आईचे दूध वेगळे. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाणा जास्त, म्हणून वाढ जास्त. हाडं पुढं पळतात, बाकीचं मागं राहतं. आणि कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. नुसत्या कोंड्यावर हाडं पोसली जात नाहीत."

मेहुण्यांना हे फार लागले. हौसेने भरविलेला घास अंगी लागला, तो नको तितका लागला. चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी १६७३ साली लिहिलेले पत्र मराठीच्या प्राध्यापकाला तोंडपाठ असते. दाणागवत आजच उधळाल तर पावसाळ्यात जनावरे उपाशी मरतील, हा त्याचा एक विषय. दाण्याचे माप हा त्या पागेत राज्याचा प्रश्न होता. या घरात ते माप त्या दिवसापासून वहिनींनी आपल्या हाती घेतले. हरभरा पावपट झाला, कोंडा बंद झाला, वाळका चारा आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेली क्षारांची पूड सुरू झाली. तरी मेहुण्यांच्या सदऱ्याच्या खिशाला मुंग्या लागत. खिशात गुळाचा खडा असे.

इलाज म्हणून जे सुरू झाले ते दिसायला अगदीच साधे होते. दर तीन आठवड्यांनी चाचांनी यायचे, आणि उजव्या टाचेवरून कानस फिरवायची, थोडीच, नखाएवढी. एका बैठकीत सगळी उंची उतरविली तर आखडलेली शीर हाडाला हिसका देते आणि दुखणे वाढते. थोडी उतरवायची, मग जनावराला तीन आठवडे त्या नव्या टाचेवर चालू द्यायचे, म्हणजे शीर आपोआप ताणली जाते. चालायचे म्हणजे पळवायचे नाही. आईबरोबर सपाट, कणखर रानात मोकळे सोडायचे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या जुन्या कोड्याचे 'न फिरवल्याने' हे उत्तर मी अनेक वर्षे शब्दश्लेषाचा नमुना म्हणून शिकवीत आलो आहे. डॉक्टरीणबाईंनी तेच औषध म्हणून लिहून दिले.

नाल ठोकण्याचा प्रश्न कोणीतरी काढलाच. चाचा म्हणाले, "लहान पोराला लोखंडी बूट घालता काय? त्याचा पाय पसरायचा कसा?" वाढत्या खुराला खिळ्यांनी जखडले की त्याची रुंदी खुंटते. मोठ्या घोड्याचा खूर महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, शिंगराचा त्याहून वेगाने. वरच्या केसाळ कडेपासून निघालेले नवे शिंग जमिनीपर्यंत उतरायला शिंगराला पाचएक महिने पुरतात, मोठ्याला जवळपास वर्ष लागते. म्हणजे मोडायला आणि घडायला जी घाई आहे ती याच वयात. सहा-आठ महिन्यांत फरक पडला तर पडला; नाहीतर मोठ्या ठिकाणी नेऊन त्या शिरेला आवरून धरणारा बंध कापण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तीदेखील वर्षाच्या आत केली तरच उपयोगी पडते, असे बाई म्हणाल्या. मुंबईला परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. पण दिंडोरीहून शिंगरू परळला नेणे ही गोष्ट बोलायला सोपी.

चाचांच्या तोंडचे शब्द मी टिपून घेत असे. खुराच्या तळाला मध्यभागी रबरासारखे मऊ, त्रिकोणी मांस असते. पाऊल पडते तेव्हा ते दबते आणि धक्का सोसते. चाचा त्याला 'पुतळी' म्हणतात. आपल्या आज्यांच्या गळ्यातली पुतळी, डोळ्यातली पुतळी, आणि घोड्याच्या तळव्यातली ही पुतळी! तिन्ही जपायच्याच वस्तू. शब्दांची नशिबे मोठी गमतीची असतात. जुन्या मराठीत घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला 'खासदार' म्हणत. ते पद पुढे केवढ्या उंचीला गेले हे आपण पाहतोच. मात्र मूळचे काम करायला आता माणूस मिळत नाही. खुद्द नकुल विराटाच्या घरी अज्ञातवासात अश्वपाल होऊन राहिला होता, आणि घोड्यांच्या वैद्यकावरचा एक संस्कृत ग्रंथ त्याच्याच नावावर सांगितला जातो. तेव्हा हे काम हलके मानण्याची रीत फार जुनी नसावी.

श्रावणात झड लागली आणि नवेच संकट आले. गोठ्यात ओल राहिली. एके सकाळी भाच्याने पाखरीचा मागचा पाय उचलला तर पुतळीच्या खाचेतून काळा, घाण वासाचा द्रव आला. पाय उचलू देण्याची सवय त्याने तिला पहिल्या महिन्यापासून लावली होती, म्हणून तर हे वेळेवर दिसले. उपाय घरातच होता. द्राक्षवाल्याच्या घरी मीठ एक वेळ संपेल, पण मोरचूद संपत नाही. बोर्डो मिश्रणासाठी ते पोत्यांनी आणलेले असते. चाचांचेही औषध मोरचूदच. परंतु डॉक्टरीणबाईंनी बजावले, की आधी खाच कोरून स्वच्छ करा, कोरडी करा. औषध पातळ करून, आणि जिवंत मांसाला न लावता. आणि गोठ्याची जमीन कोरडी केली नाहीत तर सगळे व्यर्थ. मेहुण्यांनी गोठ्यात मुरूम भरून घेतला आणि लघवी वाहून जायला नाली काढली. आठवड्यात वास गेला. झेनोफन नावाचा ग्रीक सेनानी ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. त्याने घोड्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले आहे. घोडा घेताना आधी पाय पाहा, असे तो सुरुवातीलाच सांगतो, आणि पाया कच्चा असलेल्या घराचा दाखला देतो. ओलसर गोठ्याने खूर बिघडतो हेही त्याने सांगून ठेवले आहे. दिंडोरीचा पाऊस त्याने पाहिला नव्हता, एवढेच.

भाद्रपदात एक व्यापारी आला. ऐन छाटणीचे दिवस. गेल्या हंगामात बेमोसमी पावसाने निम्मी बाग गेली होती. मजुरी, औषधे, सगळ्याचा खर्च तोंडाशी आलेला. व्यापाऱ्याने पाखरीचे कपाळ पाहिले, भोवरे पाहिले, आणि छाटणीचा सगळा खर्च निघून वर काही उरेल अशी रक्कम सांगितली. मेहुण्यांनी आपण होऊन उजवा खूर दाखविला. तो हसला. म्हणाला, "त्याचं काय एवढं? पुढून कानस मारली, काळा रंग-तेल दिलं, की सरळ दिसतो. सारंगखेड्याला कोण बसून बघतंय खाली?"

त्या रात्री घरात कडाक्याचे भांडण झाले. भाच्याचे म्हणणे होते, विकावे. दोष आपण सांगितला आहे. पुढे त्याचे तो पाहील. मुलगा लबाड नाही. बापाच्या डोक्यावरचे कर्ज त्याला दिसत होते, आणि शिंगराच्या पायाचे काही खरे नव्हते. बरा होईल असे डॉक्टरीणबाईंनीही कधी म्हटले नव्हते. मेहुणे गप्प. वहिनी भाकरी थापीत म्हणाल्या, "ज्याच्या घरी जाईल त्याचं पोर बसंल तिच्यावर. अन् पडलं म्हंजे?"

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. "दाजी, तुम्ही बोला."

जावयाने असल्या बाबतीत बोलू नये हा शहाणपणाचा नियम आहे. मी एवढेच म्हटले, की व्यापाऱ्याला दोष सांगितला हे खरे, पण तो पुढे सांगणार नाही हेही आपण त्याच्याच तोंडून ऐकले आहे. भाचा उठून बाहेर गेला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचा राग मला रास्त वाटला. छाटणीचे मजूर माझ्या दारात पैसे मागायला येणार नव्हते.

मेहुण्यांनी शेवटी सोसायटीकडून वाढीव कर्ज काढले आणि छाटणी केली. तो निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर होता की नाही, हे फेब्रुवारीत माल निघेल तेव्हा कळेल. घरात त्याबद्दल अजूनही कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

दसऱ्याला घोडीची पूजा झाली. पाखरीच्याही कपाळाला कुंकू लागले. भाच्याने मला बाजूला बोलावून एक वही दाखविली. फुगलेले तोंड कधीच निवळले होते, पण त्याने ते शब्दांत कबूल केले नव्हते. वही हीच त्याची बोली. तिच्यात दर तीन आठवड्यांच्या तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे दोन्ही पुढच्या खुरांची टाच आणि टोक किती उंच, याची मापे. चाचा बोटांनी मोजतात, हा फूटपट्टीने. दोघांचे हिशेब आश्चर्यकारकपणे जुळत होते. आषाढात दोन टाचांमध्ये जवळजवळ बोटभर अंतर होते. आता अर्ध्या बोटाहून कमी होते. चारा उंच गव्हाणीत टाकायला सुरुवात केल्यापासून एक पाय पुढे टाकण्याची खोडही कमी झाली आहे.

"हे बघा मामा," म्हणून तो उकिडवा बसला आणि मलाही त्याने बसविले. उजव्या खुराच्या भिंतीवर आडवी, पुसट रेघ होती. रेघेच्या वर नवे शिंग सरळ, डाव्यासारखे तिरपे उतरत होते. रेघेच्या खाली जुने, दबलेले. खुराक बदलला तेव्हाची ती खूण, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रेघ निम्म्याच्या खाली आली होती.

"आणखी दीड-दोन महिन्यांत जमिनीला लागेल," तो म्हणाला. "टाच मात्र अजून पुरती टेकत नाही. सकाळी गार असताना टेकते, दुपारी दमली की उचलते. चाचा म्हणतात, हा महिना महत्त्वाचा."

पाखरीने कंटाळून पाय सोडवून घेतला आणि मेहुण्यांच्या खिशाला नाक लावले. खिसा रिकामा होता. वहिनी ओसरीवरून पाहत होत्या.

सारंगखेड्याला यंदा बापलेक दोघेही जाणार आहेत, काही विकायला नव्हे, पाहायला. खाली बसून पाहायचे, असे भाच्याने ठरविले आहे. चाचांची पुढची फेरी भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी आहे. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी आहे, आणि कानस कशी धरायची ते ते भाच्याला दाखविणार आहेत.